विसार देण्याआधी वकील गाठायचा की खरेदीखताच्या वेळी? (कुपवाड, २ गुंठे)

घरशोध

नमस्कार मंडळी. कुपवाडमध्ये २ गुंठ्यांचा प्लॉट पाहिलाय, २२ लाखांवर बोलणं आलंय. जागा गुंठेवारीतली (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यांनी पाडलेला प्लॉट) आहे, पण नियमित झालेली आहे असं एजंट सांगतो. मी सातबारा ऑनलाइन काढून पाहिला. मालकांच्या नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ असं आहे आणि इतर हक्कात विकास सोसायटीचा इकरार दिसतो. मालकांना दोन बहिणी आहेत, एक जतला आणि एक बेळगावला दिलेली. ‘त्यांचं काही नाही, हक्कसोड नंतर करून देतो’ असं मालक म्हणतात. येत्या सोमवारी २ लाख विसार, तोही रोख, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून द्यावा असा एजंटचा आग्रह आहे. उरलेली रक्कम बहुतेक बँकेच्या कर्जातून.

विचारायचं असं की वकील नेमका कुठल्या टप्प्याला गाठायचा? घरच्यांचं म्हणणं, बँकेचा वकील सर्च काढणारच आहे, खरेदीखत दस्तलेखक लिहिणार आहे, मग आणखी एकाची फी कशाला? फ्लॅट आणि जमीन दोन्हीतलं कळणाऱ्यांनी सांगावं.

दिवाणी_मिरज

ताई, सोमवारचा विसार आधी थांबवा. वकिलाची खरी गरज विसाराच्या आधी असते. खरेदीखत हा शेवटचा कागद. तोवर किंमत, क्षेत्र, मुदत, कुणाकुणाच्या सह्या, कुठला खर्च कुणी करायचा हे सगळं ठरून गेलेलं असतं. विसार पावतीत ‘मिळकत निर्वेध व बोजारहित आहे’ एवढं एक वाक्य टाकून पैसे घेतले जातात. नंतर दोष निघाला की तुमच्याकडे दोनच वाटा उरतात, पैसे परत मिळावेत म्हणून मागे लागणं किंवा कोर्टात दावा. नोटरीचा शिक्का सही कुणी केली एवढंच सांगतो, जागा कुणाची आहे याची तो हमी देत नाही. नोंदणी न झालेल्या अशा करारावर करारपूर्तीचा दावा ३ वर्षांच्या मुदतीत लावता येतो, पण मालकी त्यातून मिळत नाही. दाव्याला वेळ किती लागतो ते वेगळं सांगायला नको.

तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट एकटीसुद्धा वकिलाकडे जायला पुरेशी आहे.

‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं दिसतं, पण जमीन कुटुंबाची आहे असं तो उताराच सांगतोय. मग भाऊ, बहिणी, मेलेल्या भावाची बायकामुलं, सगळ्यांचा हिस्सा येऊ शकतो. असंच ‘अ.पा.क.’ दिसलं तर अज्ञान पालनकर्ता. अज्ञानाच्या स्वतंत्र हिश्शाची विक्री जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय झाली असेल, तर ते मूल सज्ञान झाल्यावर ३ वर्षांत ती रद्द करून मागू शकतं. आज सगळे सज्ञान दिसत असले तरी जुन्या फेरफारात (सातबाऱ्यावर झालेल्या बदलांच्या नोंदीत) अशी विक्री मध्येच झालेली आहे का ते बघावं लागतं.

बहिणींचं ‘काही नाही’ असं नसतं. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असंही बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तरच वेगळा विचार. आणि हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. तलाठ्यासमोर दिलेला जबाब किंवा साधा कागद चालत नाही. ‘नंतर’ हा शब्द तर ऐकूनच घेऊ नका. एक तर हक्कसोड आधी होऊन त्याचा फेरफार मंजूर व्हावा, नाहीतर दोन्ही बहिणींनी खरेदीखतावर ‘लिहून देणार’, म्हणजे विकणार, म्हणून सही करावी. ‘संमती देणार’ म्हणून सही घेण्याची पद्धत आहे, पण मी ती धरत नाही. संमती दिली म्हणजे स्वतःचा हिस्सा विकला, असं शब्दात स्पष्ट नसेल तर पुढे वाद निघतो.

तिसरा इकरार. सोसायटीचा सभासद कर्जासाठी जमिनीवर बोजा ठेवायचं जे घोषणापत्र देतो तो हा इकरार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे बोजा असताना त्याच्या अटी मोडून केलेली विक्री शून्यवत ठरते. ‘कर्ज कधीच फिटलंय, नोंद तेवढी राहिलीय’ हे उत्तर सगळीकडे मिळतं, आणि पुष्कळदा खरंही असतं. तरी सोसायटीचा ना-देणे दाखला आणि त्यावरून बोजा कमी केल्याचा मंजूर फेरफार, दोन्ही हातात घ्या. नुसत्या दाखल्यावर थांबू नका. आणि इकराराचा मूळ फेरफार नंबर काढून तो कुणाच्या हिश्शावर आहे तेही बघा. एका गटात चार खातेदार असले की दुसऱ्याचा बोजा आपल्या उताऱ्यावर दिसतो, आणि उलटही होतं.

सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. मालकी कळते ती दस्तांच्या आणि फेरफारांच्या साखळीवरून, किमान ३० वर्षांच्या. मधला एक फेरफार नसला तरी वकिलाने तिथे थांबून विचारलं पाहिजे.

कर्जविभाग

बँकेच्या वकिलाबद्दल मी लिहितो, कारण या गैरसमजातून लोकांचं फार नुकसान होतं.

पॅनेलवरचा वकील बँकेला एकच उत्तर देतो, ही मिळकत तारण घेता येईल का. अहवाल बँकेच्या नावाने असतो, त्याची प्रत तुम्हाला मिळेलच असं नाही. विसार पावतीतल्या अटी, मुदत, दंड, ताबा यांच्याशी त्याचा संबंध नसतो. मुख्य म्हणजे तो कामाला लागतो तुमचा अर्ज आल्यावर, आणि बँक अर्जासोबत साठेखत (विक्रीचा करार) किंवा विसार पावतीच मागते. म्हणजे तुमचे पैसे आधी गेलेले असतात. बँकेने कर्ज नाकारलं तर प्रोसेसिंग फी जाते, आणि विसार पावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत’ असं लिहिलेलं नसेल तर तोही अडकतो.

सर्च रिपोर्टमध्ये काय दिसत नाही तेही लक्षात घ्या. सर्च म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तांचा शोध, सूची क्रमांक २ वरून. सांगली शहर असो की कुपवाड, तालुका मिरज. मिरज तालुक्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयं एकाहून जास्त आहेत, दस्त कुठल्याही एकात नोंदवलेला असू शकतो. शोध सगळ्या कार्यालयांचा हवा. जुना शोध कार्यालयातल्या नोंदवह्यांतून हाताने घ्यावा लागतो. एवढं करूनही नोंद न झालेलं मृत्युपत्र, तोंडी वाटप, नोटरीवरचे करार, कोर्टात चालू असलेला दावा यातलं काहीच सर्चमध्ये येत नाही. दाव्यासाठी ई-कोर्ट्सवर मालकाच्या आणि त्याच्या भावाबहिणींच्या नावांनी शोध घ्यायचा, शिवाय प्रांत आणि तहसीलदारांपुढे फेरफाराचं अपील आहे का तेही विचारायचं. दावा चालू असताना घेतलेली जागा त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते. आपल्याला माहीत नव्हतं हे कारण तिथे चालत नाही.

मालकाने आणखी कुठे तारण ठेवलंय का, यासाठी सरसाई, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीच्या साइटवर थोड्या शुल्कात कुणालाही शोध घेता येतो. पण सांगली भागात पतसंस्थांची कर्जं पुष्कळ, तेव्हा त्या एका शोधावर विसंबू नका. मूळ खरेदीखत, झेरॉक्स नव्हे, मालकाच्या हातात आहे का हे स्वतः डोळ्यांनी बघा. मूळ दस्त ‘हरवलाय’ किंवा ‘पाहुण्याकडे आहे’ असं उत्तर आलं तर बहुधा तो कुठल्या तरी संस्थेच्या कपाटात असतो. पतसंस्थेचा सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघालेला असेल तर जप्तीची नोंद सातबाऱ्यावर यायला वेळ लागतो. तोवर उतारा स्वच्छ दिसतो.

रोखीचंही सांगतो. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. मालकांना हे सांगितलं की आरटीजीएसला बहुतेक जण तयार होतात.

मोजणी_क_प्रत

वरच्या दोघांनी हक्काचं लिहिलं, मी जागेचं लिहितो. तुम्ही पाहिलेला सातबारा त्या २ गुंठ्यांचा स्वतंत्र आहे की सगळ्या गटाचा? सगळ्या गटाचा असेल आणि मालकी ‘सामाईक’ असेल, तर तुम्ही कागदावर प्लॉट न घेता गटातला हिस्सा घेताय. जमिनीवर खुणा कितीही चांगल्या असोत.

गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्यात मुळात १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवाऱ्या होत्या, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घेतल्या. त्यानंतर पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही. ‘नियमित आहे’ म्हणणाऱ्याकडे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं नियमितीकरण प्रमाणपत्र, त्यासोबतचा सही-शिक्क्याचा नकाशा आणि प्रशमन शुल्क व विकास शुल्क भरल्याच्या पावत्या, तिन्ही मागा. अर्ज केल्याची पोच दाखवून ‘झालंय’ सांगणारे खूप. प्रमाणपत्रावरचा गट नंबर, प्लॉट नंबर आणि चौरस मीटर तुमच्या दस्ताशी जुळवा. २ गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट, साधारण २०२.३ चौरस मीटर. प्रमाणपत्रावर १८५ चौरस मीटर असेल आणि दस्तात २ गुंठे लिहिलं जात असेल, तर उरलेले १७ मीटर बहुधा रस्त्यात गेलेले असतात. पैसे मात्र तुमच्याकडून पुरे घेतले जातात.

नियमित नसेल आणि बिनशेतीही नसेल तर तुकडेबंदी आडवी येते, म्हणजे ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकायला असलेली बंदी. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे केलं आहे. या कायद्यात त्यानंतरही बदल झालेत, म्हणून तुमचा गट कुठल्या हद्दीत, कुठल्या झोनमध्ये येतो त्यावर उत्तर बदलतं. हे वकिलाकडूनच लेखी घ्या.

झोनचा दाखला आणि भाग नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागातून काढा, गट नंबर टाकून. विकास आराखड्यातलं आरक्षण किंवा रुंद होणारा रस्ता सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. महापालिका १९९८ ची. त्याआधीचं रेखांकन असेल तर मंजुरी कुणी दिली आणि ती देण्याचा अधिकार त्याला होता का, हेही बघा. बिनशेती रेखांकनातला प्लॉट घेणाऱ्यांनी मंजूर नकाशात खुली जागा कुठे दाखवलीय ते आधी शोधा. ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. जुन्या रेखांकनांत हीच जागा कोपऱ्यातला प्लॉट म्हणून विकल्याचे प्रकार घडतात.

कुपवाडला नदीच्या पुराचा तसा प्रश्न नाही, पण हा धागा सांगलीवाडी, हरिपूर, कर्नाळ रोडकडे घेणारेही वाचतील. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. निळ्या-लालच्या मध्ये सशर्त परवानगी मिळते, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर धरून. ‘२०१९ ला इथे पाणी नव्हतं’ असं शेजारी सांगतात, त्यावर परवानगी मिळत नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशावरच मिळते.

आणि हद्द कायम मोजणी. अर्ज भूमी अभिलेखच्या मिरज कार्यालयाकडे, ऑनलाइन ई-मोजणीतून. अर्ज खातेदारालाच करता येतो, म्हणून मोजणी मालकाने करून द्यावी ही अट विसारातच घाला. मोजणीनंतर नकाशाची ‘क प्रत’ मिळते, ती दस्ताला जोडा. चतुःसीमा तिच्यावरूनच लिहायच्या, एजंटने सांगितलेल्या नाहीत.

दस्तलेखन

सगळ्याच व्यवहारांना मोठा वकील लागतो असं मी म्हणणार नाही. महारेरा नोंदणी असलेल्या चालू प्रकल्पातला फ्लॅट, बांधकाम परवाना, साइटवर टाकलेला टायटल रिपोर्ट, आणि बँकेने आधीच मंजूर केलेला प्रकल्प, असं असेल तर कराराचा मसुदा वकिलाकडून एकदा वाचून घेतला तरी भागतं. फक्त करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर रक्कम द्यायची नाही. रेरा कायद्यातच तशी मनाई आहे. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीचा शेअर दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, हे विचारा.

पण आधी कागद स्वतः गोळा केले तर वकिलाचं काम सुटसुटीत होतं आणि फीही कमी लागते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवर १५ रुपयांना मिळतो. नुसता पाहायला मिळणारा उतारा कामाला चालत नाही. आठ-अ, सातबाऱ्यावर दिसणारे सगळे फेरफार, जुने हस्तलिखित उतारे, सिटी सर्व्हेत असेल तर मिळकत पत्रिका. मालकाच्या आधीच्या दस्तांची सूची २ ची प्रत.

दिवाणी_मिरज

दस्तलेखन यांचं फ्लॅटबद्दल बरोबर आहे. जमिनीबद्दल मात्र मी तेवढी सूट देणार नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (विक्रीवर बंधन असलेली जमीन), ‘कलम ४३’ (कूळ कायद्याचं), कूळ, देवस्थान, वतन, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ यातला एकही शब्द दिसला तर एजंटशी पुढचं बोलणंसुद्धा वकिलाला विचारून करावं. सांगली-मिरज संस्थानी मुलूख होता, इनामाच्या नोंदी इथे पुष्कळ निघतात. काहींवर उपाय सोपा असतो. उदाहरणार्थ कलम ४३ असलं आणि कुळाला मालकी मिळून १० वर्षं झाली असतील, तर आकाराच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून विक्री करता येते. काहींना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिच्याशिवाय झालेल्या विक्रीत जमीन सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

वकील निवडताना एकच अट पाळा, तो मालकाचा किंवा एजंटचा नको. आणि ‘कागद बघून घेतले, काही हरकत नाही’ असं तोंडी ऐकून उठू नका. लेटरहेडवर, सहीने, किती वर्षांचा शोध घेतला, कुठले कागद पाहिले, कुठले मिळाले नाहीत, असा अहवाल घ्या. ‘मिळाले नाहीत’ हा भाग सगळ्यात आधी वाचा.

घरशोध

सगळ्यांचे मनापासून आभार. सातबारा पुन्हा पाहिला, स्वतंत्र २ गुंठ्यांचाच आहे. एजंटला सांगितलं तर तो म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, थोडी तरी रक्कम टाका. काही टोकन देऊन हे सगळं तपासायला वेळ घेता येईल का? आणि बेळगावच्या ताई तब्येतीमुळे येऊ शकत नाहीत, त्यांच्या भावाच्याच नावे कुलमुखत्यार चालेल का?

दिवाणी_मिरज

टोकन देता येईल, पण मालकाच्या खात्यात, चेकने किंवा आरटीजीएसने, आणि गेले तरी कंबर मोडणार नाही एवढंच. पावती एजंटच्या डायरीतली नको, मालकाच्या सहीची हवी. तीत असं लिहा: ४५ दिवसांत मालकाने बोजा कमी करून द्यायचा, मोजणी करून द्यायची, दोन्ही बहिणींना दस्ताला आणायचं. वकिलाच्या अहवालात दोष निघाला, यातलं काही झालं नाही किंवा बँकेने कर्ज नाकारलं, तर ८ दिवसांत पूर्ण रक्कम बिनव्याजी परत. या मुदतीत दुसऱ्याशी व्यवहार करायचा नाही. मोजणीला उशीर लागणार असेल तर मुदत वाढवायची अटही लेखीच ठेवा. ‘ताबा दिला’ असे शब्द कुठेही येऊ देऊ नका. तसं लिहिलं की तो कागद खरेदीखतासारखा धरला जातो आणि पूर्ण मुद्रांक शुल्क तिथेच मागितलं जातं.

कुलमुखत्यार शक्यतो टाळा. कारण ज्याच्या हिश्शाला बहीण अडथळा आहे, तोच तिच्या वतीने सही करणार. हेच पुढे कोर्टात पहिलं विचारलं जातं. दोघी बहिणींनी एकाच दिवशी हजर राहायलाच हवं असं नाही. दस्तावर सही झाल्यापासून ४ महिन्यांत वेगवेगळ्या दिवशी येऊन कबुली देता येते. अगदीच जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र त्यांच्या राहत्या ठिकाणच्या, म्हणजे बेळगावच्या दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्या, नोटरीचं नको. मुखत्यार भाऊ नको, बहिणीचा नवरा किंवा सज्ञान मुलगा चालेल. तिच्या हिश्शाची रक्कम थेट तिच्या खात्यात जमा करा आणि तो व्यवहार क्रमांक खरेदीखतात लिहा. मुखत्याराने सही करताना कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि लिहून देणार हयात आहे, असं घोषणापत्र द्यावं लागतं. दस्ताच्या दिवशी सकाळी त्या ताईंशी व्हिडिओ कॉलवर तुम्ही स्वतः बोला.

जाहीर नोटीस टोकनच्या आठवड्यातच द्या, सांगलीत जास्त वाचल्या जाणाऱ्या दोन दैनिकांत, १५ दिवसांची मुदत घालून. नोटिशीत गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि मालकाच्या वडिलांचं नाव छापा. नुसता गट नंबर छापला तर जतच्या किंवा बेळगावच्या पाहुण्यांना ती आपल्या जमिनीची नोटीस आहे हे ओळखूच येत नाही.